पैनगंगेपलीकडे उतरणारा वाघ

अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वाहत जाऊन अखेरीस वर्धा नदीला मिळते. त्या प्रवासात बराच काळ ती केवळ नदी नसते, सीमाही असते. उत्तर तीरावर यवतमाळ जिल्हा, दक्षिण तीरावर आदिलाबाद. एके काळी याच पात्राने वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांची वाटणी केली होती. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर ती दोन राजवटींमधली रेघ ठरली. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत आदिलाबादचे राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात आले, तर तामसीचा परिसर आंध्र प्रदेशात राहिला, आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. तरीही या काठावरच्या गावांतून तेलुगूच्या जोडीला मराठी, गोंडी आणि कोलामी कानी पडते. सोयरीक नदीच्या दोन्ही अंगांना जुळते, जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे आणि तुरीचे.

या तामसीच्या आणि शेजारच्या भीमपूरच्या शिवारांत गेल्या काही वर्षांत एका पाहुण्याचे येणे-जाणे वाढले आहे. उत्तर तीरापासून काही कोसांवर पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तेथला वाघ पैनगंगा ओलांडून इकडे उतरतो. नाल्याच्या ओल्या रेतीत पावलाचा ठसा दिसतो, गोठ्याबाहेर बांधलेली गाय मारली जाते, आणि मग गावच्या पारावर चर्चा सुरू होते. तिच्यात दोन मते हटकून ऐकू येतात. एक म्हणते, जंगलात भक्ष्य उरले नाही म्हणून वाघ बाहेर पडला. दुसरे म्हणते, वाघ फार झाले म्हणून बाहेर पडला. ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ती एकाच जुन्या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. जिवंत प्राण्यांची संख्या वाढते कशी आणि थांबते कोठे, हा तो प्रश्न. त्याचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि त्याचे पहिले प्रकरण हिंदुस्थानशी अगदीच असंबद्ध नाही.

१७९८ साली इंग्लंडात थॉमस माल्थस या धर्मोपदेशकाने लोकसंख्येवरचा आपला निबंध प्रथम निनावी प्रसिद्ध केला. संख्या गुणाकाराने वाढते, अन्न मात्र बेरजेने, हा त्याचा सिद्धांत सर्वश्रुत आहे. हाच माल्थस पुढे १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हेलीबरी येथे चालविलेल्या महाविद्यालयात अध्यापक झाला. हिंदुस्थानात कारभार करावयास येणारे तरुण अधिकारी त्याच्या हाताखालून गेले. पुढच्या काळात येथील दुष्काळांकडे पाहण्याची सरकारी दृष्टी इतकी थंड का होती, याचा शोध घेणाऱ्या अनेक इतिहासकारांची नजर हेलीबरीच्या वर्गाकडे वळते, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

चार्ल्स डार्विनने हा विचार माणसावरून काढून सर्व जीवसृष्टीला लावला. त्याने मुद्दाम हत्तीचे उदाहरण निवडले, कारण सर्व ज्ञात प्राण्यांत त्याची वीण अत्यंत मंद. हत्तीच्या एका जोडीची सर्व संतती जगली तर सातशे चाळीस-पन्नास वर्षांत जिवंत हत्तींची संख्या एक कोटी नव्वद लाखांच्या घरात जाईल, असा हिशेब त्याने मांडला. पृथ्वी हत्तींनी भरून गेलेली नाही, हे उघडच आहे. तेव्हा वाढ ही नवलाची गोष्ट नव्हे. नवल आहे ते तिच्या थांबण्याचे.

हे थांबणे गणिताने मांडण्याचा पहिला मान बेल्जियमच्या पियेर व्हेरहुल्स्टकडे जातो. १८३८ मध्ये त्याने दाखविले की, संख्या जसजशी जागेच्या धारणाशक्तीजवळ येते तसतसा वाढीचा वेग आपोआप मंदावतो. आरंभी वाढ हळू, मध्ये वेगाची, शेवटी पुन्हा हळू. आलेखावर काढली तर ती रेषा एका बाजूस कललेल्या, ताणून लांबविलेल्या वळणासारखी दिसते. हा शोध त्या काळी कोणी फारसा मनावर घेतला नाही. १९२० मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांना तेच सूत्र स्वतंत्रपणे सापडले, तेव्हा व्हेरहुल्स्टची जुनी पाने पुन्हा उघडली गेली. गणितातल्या शोधांना असा ऐंशी वर्षांचा वनवास नवा नाही.

यानंतरची गोष्ट एड्रियाटिक समुद्रावरच्या मासळीबाजारांतली आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तेथील मासेमारी जवळजवळ बंद पडली. माणसाचे जाळे थांबले म्हणजे सर्वच मासे वाढावेत, असे कोणालाही वाटेल. उंबेर्तो डी'अँकोना या प्राणिशास्त्रज्ञाने बाजारातील नोंदी तपासल्या तेव्हा दिसले ते निराळेच. युद्धाच्या वर्षांत शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढले होते. हे कोडे त्याने आपले सासरे, थोर गणिती व्हीतो व्होल्तेरा, यांच्यापुढे ठेवले. १९२६ मध्ये व्होल्तेरांनी भक्षक आणि भक्ष्य यांच्या संख्या एकमेकींच्या मागून कशा चढतात-उतरतात, याची समीकरणे मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटकाने ती त्याआधी वर्षभर मांडली होती. (याच व्होल्तेरांनी १९३१ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन आपले अध्यासन सोडले. त्यांची समीकरणे शिकविणारी पुस्तके ही गोष्ट क्वचितच सांगतात.)

वाघाच्या प्रश्नाला मात्र या समीकरणांहून अधिक उपयोगी पडतात त्या दोन साध्या कल्पना. पहिली ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टनची. त्याने १९२७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, कोणत्याही रानात गवत अपार, गवत खाणारे पुष्कळ, त्यांना खाणारे थोडे आणि सर्वांच्या माथ्यावर बसलेला प्राणी अगदी मोजका, असा एक मनोरा असतो. वाघ दुर्मीळ आहे तो दुबळा झाला म्हणून नव्हे. तो मनोऱ्याच्या शिखरावर आहे म्हणून. दुसरी कल्पना एलियट हॉवर्ड या हौशी पक्षिनिरीक्षकाची. १९२० मध्ये त्याने लिहिले की पक्षी गातो तो बहुतांशी आपल्या हद्दीची ग्वाही देण्यासाठी. हद्दी वाटल्या गेल्या, की उरलेल्यांना जागा नाही. म्हणजे प्राणी उपाशी मरण्याची पाळी येण्यापूर्वीच संख्येला आळा बसू शकतो. अन्नाची मर्यादा प्रत्यक्ष अन्न संपण्याआधी जमिनीच्या वाटणीतून जाणवू लागते.

या दोन कल्पना वाघाला लावल्या म्हणजे पारावरच्या दोन्ही मतांचा उलगडा होऊ लागतो. वाघ सर्वसाधारणपणे आठवड्याला एक मोठे जनावर मारतो. वर्षाला सुमारे पन्नास. रानातील चितळ, सांबर, रानडुक्कर, रोही यांची एकूण संख्या घटू नये, तर वाघाने त्यांतील वर्षाकाठी दहावा हिस्साच घ्यावा, असा अनुभवाचा अंदाज आहे. मग एका वाघामागे पाचशे तृणभक्षक हवेत. ते जितक्या जमिनीवर राहू शकतील तितकी वाघाची हद्द. मध्य भारतातील भरल्या रानात वाघिणीला पंधरा-वीस चौरस किलोमीटर पुरतात. रशियाच्या अतिपूर्वेकडील बर्फाळ रानात, जेथे शिकार विरळ, तेथे तिलाच सुमारे चारशे लागतात. प्राणी तोच, स्वभाव तोच. फरक फक्त रानाने पोसलेल्या हरणा-डुकरांचा.

आता टिपेश्वरचा हिशेब पाहावा. हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. रान उत्तमात उत्तम मानले तरी सात ते नऊ वाघिणींच्या हद्दी त्यात बसतील, आणि सागाच्या या कोरड्या जंगलात प्रत्यक्ष मर्यादा त्याहून कमीच असणार. वाघीण साडेतीन महिन्यांच्या गर्भकाळानंतर दोन-तीन बछड्यांना जन्म देते आणि सुमारे दोन वर्षे त्यांना सांभाळते. चार-पाच वाघिणींनी दोन वेळा पिले वाढविली, की जंगल भरलेच. मग वयात आलेल्या नराला बापाची हद्द मिळत नाही आणि शेजारची रिकामी नसते. त्याला निघावेच लागते. तो भुकेला असतो असे नव्हे. तो भूमिहीन असतो.

परंतु हे भरलेपण अलीकडचे आहे, आणि त्यामागचा इतिहास सांगितल्याखेरीज विषय पुरा होत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी वाघाची मर्यादा ठरविणारा घटक हरीण नव्हता, बंदूक होती. इंग्रज सरकार मारलेल्या वाघामागे रोख बक्षीस देई. वाघ हा शेतीच्या विस्ताराचा शत्रू मानला जाई. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असे इतिहासकार महेश रंगराजन यांनी नमूद केले आहे. नदीच्या दक्षिणेस चित्र थोडे निराळे होते. निजामाच्या राज्यातील सिरपूर-तांदूर भागाचा १९०५ मध्ये आदिलाबाद जिल्हा झाला. घनदाट सागवान आणि त्यात राजगोंड व कोलाम यांची फिरती शेती, असा हा मुलूख. सरकारने जंगल राखीव केले, आदिवासींना बाहेर काढले आणि मोकळ्या जमिनीवर बाहेरचे शेतकरी येऊ लागले. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा झाल्यावर हा ओघ वाढला. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीमचा उठाव झाला आणि तो मोडला गेला. त्याच्या चौकशीच्या निमित्ताने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ या जिल्ह्यात आले, आणि राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाची हद्द आखताना माणसांचीही हद्द आखली जाते, आणि भूमिहीन होण्याचे दुःख वाघाच्या कितीतरी आधी या रानातल्या माणसाच्या वाट्यास आले होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर शिकारीच्या जोडीला नांगर आला, आणि वाघ दोहोंकडून आटला. १९६९ मध्ये दिल्लीस भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण परिषदेत धोक्याची घंटा वाजली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ सांगण्यात आले. १९७३ च्या १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव वनांत मेळघाट होते. आदिलाबादचे कावल १९६५ पासून अभयारण्य होते. त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळावयास २०१२ साल उजाडले.

जुन्या गणनेच्या आकड्यांविषयी सावध राहिलेले बरे. त्या काळी पावलांचे ठसे काचेवर उतरवून वाघ मोजीत, आणि एकाच वाघाचे ठसे निरनिराळ्या मातीत निराळे दिसत. २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्क्यात कागदावर वाघ होते आणि रानात एकही नव्हता, तेव्हा ही पद्धत बाद झाली. त्यानंतर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे आले; प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असल्यामुळे मोजणीला आधार मिळाला. या नव्या पद्धतीने २००६ मध्ये देशात १,४११ वाघ आढळले, २०१४ मध्ये २,२२६, तर २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२. महाराष्ट्राचा आकडा अधिक बोलका आहे. २००६ मध्ये १०३, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. व्हेरहुल्स्टच्या वळणाचा हा मधला, चढता भाग होय. मात्र संपूर्ण राज्याच्या आकड्यात तो चढता दिसत असला, तरी टिपेश्वर किंवा ताडोबा यांसारख्या एकेका जंगलापुरते पाहिले तर वळणाचा माथा कधीच जवळ आला आहे. वाढ पुढे चालू आहे ती जंगलाच्या बाहेर.

या बाहेरच्या वाटचालीचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी टिपेश्वरचाच. २०१६ च्या अखेरीस जन्मलेल्या तीन बछड्यांपैकी हा एक नर. वनखात्याच्या दप्तरी तो सी-१, लोकांत ‘वॉकर’. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बसविण्यात आला आणि जूनमध्ये तो घर सोडून निघाला. पुढील नऊ महिन्यांत त्याने पाच हजारांहून अधिक ठिकाणांच्या नोंदी मागे ठेवीत सुमारे तीन हजार किलोमीटर वाट तुडविली. महाराष्ट्राचे अनेक जिल्हे आणि मध्येच तेलंगणाचा हा काठ ओलांडून तो अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. दिवसा झुडपांत, नाल्यांत दडावे आणि रात्री शेते, रस्ते पार करावेत, असा त्याचा क्रम होता. माणसावर हेतुपुरस्सर हल्ला असा त्याने केला नाही. ज्या झुडपात तो विसावला होता तेथे काही माणसे शिरल्याने एकदा अपघात घडला तेवढाच. ज्ञानगंगेत भक्ष्य होते, जागा होती, नव्हती फक्त वाघीण. गणिताच्या दृष्टीने एवढ्या प्रवासाचा परिणाम शून्य. एकटा वाघ कितीही सुखी असला तरी त्याने संख्या वाढत नाही.

दुसरा शेवट अधिक दारुण आहे. याच पांढरकवडा-राळेगाव भागात संरक्षित क्षेत्राबाहेरच्या झुडपी रानात राहिलेल्या टी-१ उर्फ अवनी या वाघिणीवर २०१६ पासून तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. २०१८ च्या २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीस बळी पडली. मागे दोन बछडे होते. त्या वेळी वाघिणीच्या बाजूने शहरांतून मोर्चे निघाले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांनी फटाके वाजविले, अशाही बातम्या आल्या. दोन्हींपैकी एकाही बाजूला मूर्ख म्हणणे सोपे नाही.

१९८८ मध्ये रोनाल्ड पुलियम या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे दाखविले की, प्राण्याच्या वस्तीचे सर्व प्रदेश सारखे नसतात. काही झऱ्यासारखे असतात; तेथे जन्म मृत्यूंहून अधिक होतात आणि ओसंडलेले जीव बाहेर वाहतात. काही वाळूच्या पात्रासारखे. तेथे बाहेरून सतत जीव येत राहतात आणि जिरून जातात. वरवर पाहणाऱ्याला दोन्हीकडे प्राणी दिसतात, म्हणून दोन्ही जागा सारख्याच वाटतात. टिपेश्वर आणि ताडोबा हे आज झरे आहेत. तामसीचा काठ, कावलचे जंगल, कागजनगरचा पट्टा यांचे काय, हा खरा प्रश्न आहे. कागजनगरच्या रानात महाराष्ट्रातून आलेल्या वाघिणीने पिले दिली, ही आशेची बाजू. परंतु २०१८ मध्ये तेलंगणात २६ वाघ होते, ते २०२२ मध्ये २१ झाले. यातले बहुतेक दक्षिणेकडील अमराबादचे, म्हणून घटीचा सारा दोष या भागाकडे लावता येणार नाही. तरीही उत्तरेकडून इतके वाघ येत असताना कावलच्या गाभ्यात त्यांची वस्ती जमू नये, हे पात्र वाळूचे असल्याचेच लक्षण आहे.

वाघ जिरतो कोठे? बहुधा तारेत. आणि येथे मनोऱ्याचा खालचा मजला आठवावा लागतो. ज्या काळात वाघ नव्हता त्या काळात रानडुकरे आणि रोही यांना आवरणारे कोणी उरले नाही. शिवाय त्यांच्या अन्नाची मर्यादाही गेली. रानातले गवत उन्हाळ्यात सुकते, पण शेतात हरभरा, तूर, ज्वारी, मका असे काही ना काही असतेच. कळपांनी रात्रीत उभे पीक नासावे आणि शेतकऱ्याने मचाणावर जागून थकावे. मग कोणी नाइलाजाने, कोणी मांसाच्या लोभाने, कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. तार डुकरासाठी असते. तिला वाघ ओळखू येत नाही. कधी तिच्यात शेजारचा शेतकरीही सापडतो. गमतीची आणि तितकीच खेदाची गोष्ट अशी की, तामसीच्या कापसात वाघ उतरतो तो याच डुकरा-रोह्यांच्या मागे. शेतकऱ्याचा शत्रू मारणारा आणि शेतकऱ्याला भिवविणारा एकच.

काठाची भूमीही आता बदलत आहे. पैनगंगेवर चनाका-कोरटा येथे बांध घालण्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात करार झाला. पाण्यासाठी तहानलेल्या या काळ्या जमिनीला त्याची गरज होती, यात वाद नाही. पण कालव्याला उभे काठ असतात; नाल्यांतून चालत येणाऱ्या जनावराला ते नदीहून अवघड. ठिकठिकाणी ओलांडण्याची सोय ठेवली तरच ही वाट उरते.

तूर्त या वाटेचा भार पडतो तो कापूस वेचणाऱ्या बायकांवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात, पऱ्हाटी छातीला लागलेली असते, आणि ओणवे होऊन वेचणाऱ्या माणसाला चार ओळींपलीकडचे दिसत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आसिफाबाद जिल्ह्यात वाघाने दोघांचा जीव घेतला. त्यांतील एक मुलगी कापसाच्या शेतात होती. वाघ फिरत असल्याचे कळले, की वनखाते गावांत दवंडी पिटविते : एकट्याने जाऊ नये, शेतात उशिरा जावे, ऊन कलण्याआधी परतावे, घोळक्याने वेचावे. सल्ला योग्य आहे. मात्र वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि सकाळचे दोन नि संध्याकाळचे दोन तास सोडून दिले, तर ओट्यात भरणारा कापूस तेवढा कमी भरतो. जनावर दगावले, माणूस गेला, तर त्याची भरपाई देण्याचे नियम दोन्ही राज्यांत आहेत. न वेचलेल्या किलोंची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात होत नाही.